जांगल देशातील श्वापदांची वसती

इसवी सन २०२४ च्या डिसेंबरात धाराशिव जिल्ह्यातील येडशी-रामलिंगघाट अभयारण्यात वनखात्याने लावून ठेवलेल्या कॅमेऱ्यात एका पट्टेदार वाघाची छबी उमटली. अंगावरील पट्टे ताडून पाहता हा नर यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातला असल्याचे निष्पन्न झाले. सुमारे साडेचारशे किलोमीटरांची मजल मारून, वाटेतील शेते, सडका व गावे चुकवीत तो बालाघाटाच्या डोंगरात येऊन राहिला. लोकांनी त्यास ‘रामलिंग’ असे नावही देऊन टाकले. जिल्ह्यात वाघ ‘परतला’, ही भाषा तेव्हापासून सर्वतोमुखी झाली.

‘परतला’ हे क्रियापद इतिहासाच्या अभ्यासकाने सहजासहजी मान्य करण्यासारखे नाही. जो परतला तो पूर्वी येथे होता, हे त्यात गृहीत आहे. आणि होता असे म्हणावयाचे तर ते कोणत्या साधनावरून? हा प्रश्न आम्ही हाती घेतला तेव्हा आमची समजूत अशी होती की, जुन्या ग्रंथांतून व कागदांतून श्वापदांचे उल्लेख वेचावे, ते कालक्रमाने लावावे, म्हणजे कार्यभाग झाला. तसे झाले नाही. उल्लेख सापडले, परंतु ते कसोटीस लावू जाता असे दिसून आले की, श्वापदाच्या नावाचा उल्लेख हा त्याच्या वसतीचा फार दुबळा पुरावा होय. बळकट पुरावा निराळ्याच ठिकाणी असतो, आणि संग्राहक मंडळी बहुधा तोच निरुपयोगी म्हणून बाजूस टाकीत असतात. तो कोठे असतो, हे दाखविणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम भूमी पाहू. हा जिल्हा बालाघाटाच्या पठारावर व त्याच्या उतारांवर वसलेला आहे. तेरणा व बोरी या नद्या येथेच उगम पावतात; मांजरा उत्तरेच्या अंगाने व सीना पश्चिमेच्या अंगाने वाहते. पाऊस बेताचा आणि बेभरवशाचा. १९७२ च्या दुष्काळाची आठवण येथील वडीलधाऱ्यांच्या मनातून अद्याप गेलेली नाही. नद्यांकाठी काळी जमीन, तिच्या वर मुरमाड माळ, आणि डोंगराच्या घळींतून काटेरी व पानझडी झाडी, अशी तीन थरांची ही रचना आहे. येडशीचे अभयारण्य या तिसऱ्या थरात मोडते. त्याचे क्षेत्र अवघे २२ चौरस किलोमीटरांच्या आसपास असून ते १९९७ साली घोषित झाले.

आता उल्लेखांकडे वळू. सर्वांत जुना म्हणण्याजोगा उल्लेख परदेशी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नामक व्यापारी प्रवासग्रंथात दक्षिणापथाच्या अंतर्भागाचे वर्णन आले आहे. त्यात ओसाड प्रदेश व मोठमोठे पर्वत सांगून बिबटे, वाघ, हत्ती, अजस्र सर्प, तरस आणि नाना जातींची वानरे यांची गणना केली आहे. लगेच पुढच्या कलमात पैठण आणि तगर या दोन पेठांचा निर्देश असून तगर हे पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे म्हटले आहे. तगर म्हणजेच धाराशिव जिल्ह्यातील तेर, हे डॉ. फ्लीट यांनी १९०१ साली सप्रमाण मांडले व ते आता सर्वमान्य आहे. मग तेरच्या आसपास वाघ व हत्ती होते, यास आणखी पुरावा तो कोणता हवा, असे एखादा म्हणेल. परंतु ग्रंथकाराने ही यादी तेरची म्हणून दिलेली नाही. समुद्रकिनाऱ्यापासून आत थेट गंगेपर्यंत पसरलेल्या अफाट मुलखाची ती सरसकट गणना आहे. तेरला आलेल्या व्यापाऱ्याने वाटेत काय ऐकले ते तीत आहे. तेरच्या वेशीबाहेर काय होते ते नाही.

तेर येथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती प्रसिद्ध आहे. इटलीतील पाँपेई नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य विद्वानांनी दाखविले आहे. या मूर्तीवरून तेरचे हस्तिदंताशी नाते सिद्ध होते. हत्तीशी होत नाही. दंत बाजारात येतो, हत्ती रानात राहतो. पेठेच्या गावी सापडलेली वस्तू त्या गावच्या रानाची साक्ष देईलच असे नाही, हा विवेक नाणी व खापरे यांच्या बाबतीत आपण पाळतो. तो श्वापदांच्या अवशेषांसही लागू करावा.

दुसरा उल्लेख अधिक स्थानिक व अधिक मोहक आहे. धाराशिव नगरानजीकच्या लेण्यांचे वर्णन बर्जेस यांनी एकोणिसाव्या शतकात प्रसिद्ध केले. त्याच लेण्यांची उत्पत्तिकथा मुनी कनकामर यांच्या ‘करकंडचरिउ’ या अकराव्या शतकातील अपभ्रंश काव्यात येते, असे त्या ग्रंथाचे संपादक डॉ. हिरालाल जैन यांनी १९३४ साली दाखवून दिले. करकंड राजा तेरापुरास येतो, डोंगरातील गुंफा पाहतो, आणि त्याच डोंगरावर एका वारुळाची नित्य पूजा करणारा हत्ती त्याच्या दृष्टीस पडतो. हत्ती सोंडेतून पाणी आणतो, तळ्यातील कमळ वाहतो. राजा वारूळ खणवितो तो आत पार्श्वनाथांची मूर्ती! कथा सुंदर आहे यात संशय नाही. पण तिजवरून अकराव्या शतकात धाराशिवच्या डोंगरावर रानहत्ती होते असे अनुमान काढावे काय?

येथे दोन अडचणी आहेत. पहिली अडचण कविसमयाची. जलाशय कोणताही असो, त्यात हंस असावयाचेच. नदी कोणतीही असो, तीत कमळे फुलावयाचीच. हा कवींचा संकेत आहे आणि तो वस्तुस्थितीस सोडून आहे, हे राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त दहाव्या शतकातच मोकळेपणाने नोंदविले आहे. जी गोष्ट हंसाची तीच गोष्ट मूर्तिकाराच्या सिंहाची. तुळजापूरच्या भवानीचे वाहन सिंह. गावोगावच्या देवीमंदिरांत सिंह कोरलेला. तथापि नर्मदेच्या दक्षिणेस सिंहाची नैसर्गिक वसती असल्याचे प्राणिशास्त्रज्ञ मानीत नाहीत. शिल्पातील सिंह शिल्पशास्त्रातून आला, रानातून नव्हे.

दुसरी अडचण हत्तीच्या पोटाची. पूर्ण वाढलेल्या हत्तीस दिवसाकाठी दीडशे किलोच्या आसपास चारा व शंभराहून अधिक लिटर पाणी लागते. कळपाचा हिशेब तर विचारूच नये. बालाघाटाच्या कोरड्या माथ्यावर चैत्र-वैशाखात ही तरतूद व्हावी कशी? कौटिल्याने हत्तींच्या प्रदेशांची प्रतवारी लावताना कलिंग, अंग, चेदी, करूष इत्यादींस श्रेष्ठ, दशार्ण व अपरान्त यांस मध्यम आणि सौराष्ट्र व पंचनद यांस कनिष्ठ मानले आहे. अपरान्त म्हणजे कोकण त्यात आहे. पठारावरील हा कोरडा मुलूख त्यात नाही. अलीकडचा दाखलाही याच्याशी जुळतो. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून महाराष्ट्रात हत्ती शिरले ते सिंधुदुर्गाच्या ओल्या रानात. सबब करकंडकथेतील हत्ती हा पुराणकथेचा किंवा फार तर राजाच्या गजशाळेचा समजावा.

हे अनुमान काढताना आम्ही काय केले ते वाचकांनी ध्यानात घ्यावे. हत्तीचा उल्लेख खरा की खोटा हे आम्ही उल्लेखावरून ठरविले नाही. हत्तीच्या अन्नपाण्यावरून ठरविले. ही रीत आमची नव्हे. ती आपल्या वैद्यकशास्त्राची आहे, आणि तिच्याकडे आता वळले पाहिजे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अन्नपानविधीचा अध्याय आहे. आपल्याकडील जुन्या घराण्यांच्या बाडांत वैद्यकाच्या पोथ्या विपुल असतात. पण मांसवर्ग आला की शाकाहारी वाचक पाने पालटून पुढे जातो, आणि संशोधक त्यात इतिहास नाही म्हणून पुढे जातो. वास्तविक प्राण्यांच्या वसतीचा व आहाराचा विचार करणारे प्रकरण संस्कृत वाङ्मयात याहून जुने व पद्धतशीर फार थोडे असेल. चरकाने प्राण्यांचे आठ वर्ग केले आहेत. प्रसह म्हणजे बळाने हिसकून खाणारे. भूमिशय म्हणजे बिळात राहणारे. आनूप म्हणजे पाणथळीच्या आश्रयाने राहणारे. वारिशय म्हणजे पाण्यातच वस्ती करणारे. वारिचर म्हणजे पाण्यावर चरणारे. जांगल म्हणजे कोरड्या भूमीवर वावरणारे. विष्किर म्हणजे उकरून, विखरून टिपणारे. आणि प्रतुद म्हणजे चोचीने टोचून खाणारे. पाय किती, शिंगे आहेत की नाहीत, अंडी घालतो की पिले, यांतील एकही निकष येथे नाही. कोठे राहतो आणि कसे खातो, एवढ्या दोनच गोष्टींवर सर्व विभागणी उभी आहे.

वैद्यास याची गरज होती. मांस पचण्यास जड की हलके हे प्राणी कोठे हिंडतो व काय खातो यावर अवलंबून, असा त्याचा सिद्धान्त होता. मांसपरीक्षेच्या बाबी सांगताना चरकाने पहिला शब्द घातला आहे तो ‘चर’. या एका शब्दात हिंडण्याचे स्थळ आणि खाण्याचा पदार्थ असे दोन्ही अर्थ त्याने सांगितले आहेत. मराठीत ‘चरणे’, ‘चराई’, ‘गुरचरण’ हे शब्द आपण रोज वापरतो. त्यांतही चालणे व खाणे यांची फारकत झालेली नाही. जनावर जेथे चालते तेथेच खाते. किंबहुना खाण्यासाठीच चालते.

सुश्रुताची मांडणी थोडी निराळी आहे. त्याने प्रथम जांगल व आनूप असे दोन मोठे विभाग केले आणि जांगलाचे आठ पोटभेद केले: जंघाल, विष्किर, प्रतुद, गुहाशय, प्रसह, पर्णमृग, बिलेशय व ग्राम्य. आता एक गंमत पाहावी. वाघ, लांडगा, तरस, अस्वल, बिबट्या हे चरकाच्या यादीत प्रसहांत, म्हणजे खाण्याच्या रीतीवरून लावले आहेत. सुश्रुताच्या यादीत तेच प्राणी गुहाशयांत, म्हणजे राहण्याच्या ठिकाणावरून लावले आहेत. एक आचार्य विचारतो, हा काय खातो? दुसरा विचारतो, हा निजतो कोठे? रामलिंगचा वाघ कळण्यास हे दोन्ही प्रश्न लागतात, हे पुढे दिसून येईल. हत्ती मात्र दोघांच्याही मते पाण्याजवळचा. चरक त्यास आनूप म्हणतो, सुश्रुत कूलचर म्हणजे काठाने फिरणारा म्हणतो. करकंडकथेविषयी वर जे अनुमान काढले त्यास हा शास्त्राधार आहे.

‘जांगल’ या शब्दाचा अर्थ येथे स्पष्ट केला पाहिजे, आणि त्यासोबत आमची एक चूकही कबूल केली पाहिजे. आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत संस्कृत शिकविले. ‘जांगल’ शब्द आला की ‘जंगलासंबंधी, अरण्यातील’ असा अर्थ फळ्यावर लिहून आम्ही मोकळे होत असू. तो अर्थ चुकीचा आहे. चरकाने कल्पस्थानात जांगल देशाचे लक्षण दिले आहे. त्यात मोकळे आकाश आहे, कोरडा व खरखरीत वारा आहे, मृगजळ आहे, वाळू व खडे आहेत, आणि झाडे आहेत ती खदिर, धव, शल्लकी, बदरी, शमी यांसारखी. मराठीत म्हणावयाचे तर खैर, धावडा, सालई, बोर व शमी. पक्षी आहेत ते लावा, तित्तिर व चकोर. घनदाट, अंधारी, दमट वनराजी म्हणजे जांगल नव्हे. ती आनूपाच्या बाजूस जाते. जांगल म्हणजे आपला माळ! झिमरमन नामक फ्रेंच विद्वानाने १९८२ साली या विषयावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला व शब्दाचा अर्थ कसा उलटा झाला हे सविस्तर दाखविले. धाराशिव जिल्ह्याच्या कोणत्याही माळावर उभे राहून चरकाचे हे लक्षण वाचावे. तो येथेच बसून लिहीत होता असे वाटावे, इतके ते जुळते.

शब्दाचा अर्थ फिरल्याने काय बिघडले, असे कोणी विचारील. पुष्कळ बिघडले. दाट झाडी तेच रान, आणि मोकळा माळ म्हणजे काही नाही, अशी समजूत रूढ झाली. दप्तरात माळास ‘पडीक’ म्हटले गेले. पडीक म्हणजे कोणाच्याच कामाचे नाही, असा त्याचा व्यवहारातील अर्थ. परंतु सुश्रुताच्या पोटभेदांत पहिलाच वर्ग जंघालांचा आहे. जंघाल म्हणजे ज्यांचे सामर्थ्य पिंढऱ्यांत आहे असे हरणादी मृग. गुहाशयास गुहेचे नाव, बिलेशयास बिळाचे नाव, आणि जंघालास पायाचे नाव मिळावे, यात मोठी मार्मिकता आहे. ज्याचा आसरा गुहा तो गुहाशय; ज्याचा आसरा स्वतःचे पाय तो जंघाल. काळवीट माळावर का राहतो, याचे उत्तर या एका नावात सापडते. त्यास आडोसा नको असतो. आडोशात लांडगा लपतो. लांबवर दृष्टी पोहोचेल व चौखूर धावता येईल, अशी उघडी जागा हेच त्याचे घर.

माळढोक पक्ष्याची कथा याहून करुण आहे. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या माळावर १९७२ साली या पक्ष्याकडे अभ्यासकांचे लक्ष गेले आणि १९७९ साली सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांचा मोठा टापू त्याच्यासाठी अभयारण्य म्हणून राखण्यात आला. हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. दुरून येणारे संकट दिसावे, यावर त्याची सारी भिस्त. अशा माळावर ठिकठिकाणी गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे लावण्यात आली. लावणाऱ्यांचा हेतू चांगला होता; उजाड भूमी हिरवी करावी, एवढाच. पण ज्याचा आसरा मोकळेपणा, त्याच्या घरात झाड लावणे म्हणजे त्याच्या घराच्या खिडक्या बुजविणे होय. विजेच्या तारा, शेतीचा विस्तार व शिकार ही इतर कारणे आहेतच. ज्या माळावर एके काळी माळढोक थव्याने दिसत, तेथे आता एखादाही दिसणे दुर्मिळ झाले आहे. एका शब्दाचा अर्थ विसरला गेला, त्याचे हे मोल.

आता प्रसहांचा एक दाखला येडशीचाच घेऊ. अभयारण्याच्या घळीत रामलिंगाचे प्राचीन देवस्थान आहे. पावसाळ्यात तेथे ओढा भरून वाहतो व धबधबा कोसळतो. रावण सीतेस नेत असता जटायूने त्यास अडविले ते येथेच, असे स्थानमाहात्म्य सांगतात व जटायूची समाधीही दाखवितात. स्थानमाहात्म्य इतिहास नव्हे, हे उघड आहे. तथापि गिधाडाची कथा लोकांनी कोणत्या प्रकारच्या जागी बसविली हे पाहणे व्यर्थ नाही. कडे, घळ, मोठे वृक्ष आणि पठारावर गुरांचे खिल्लार: गिधाडास राहण्यास व खाण्यास जे लागते ते सर्व येथे होते. चरकाने गिधाडास वाघाच्याच वर्गात, प्रसहांत, घातले आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. कडे होते तेथेच होते, झाडे होती तेथेच होती. बिघडले ते अन्न. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक नामक वेदनाशामक औषधाचा अंश मेलेल्या जनावराच्या मांसात राही व ते खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली सरकारने गुरांसाठी ते औषध बंद केले, तोवर फार उशीर झाला होता. आसरा शाबूत असून अन्न दूषित झाले तर वंश बुडतो, हा धडा यात आहे.

त्याच देवस्थानातील वानरे उलट उदाहरण देतात. सुश्रुताने त्यांस पर्णमृग म्हणजे झाडावर वावरणारे म्हटले आहे. यात्रेकरूंच्या हातातील फुटाणे व नारळ यांमुळे ती झाडावरून पायरीवर आली. अन्नाने वर्गच पालटला, असे म्हणावे लागते. पर्णमृगाचा ग्राम्य झाला.

माणसाने अन्नपाणी हलविले की श्वापदे हलतात, याचा या जिल्ह्यातील भव्य दाखला नळदुर्ग होय. बोरी नदीस बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला तो १६१३ साली, दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या कारकिर्दीत. बांध झाला गडाच्या संरक्षणासाठी व सुलतानाच्या विलासासाठी. पण जांगल देशाच्या मध्यभागी त्याने आनूपाचे एक बेट निर्माण केले. बगळे, बदके, पाणकावळे यांस पाणी कोणत्या शाहाने अडविले याचे सोयरसुतक नसते. तीच गोष्ट आजच्या उसाची. साखर कारखान्यांसाठी पिकविलेला ऊस हा बाराही महिने ओलावा व दाट आडोसा देणारा आहे. जुन्नर व अकोले तालुक्यांत बिबट्या उसातच राहतो, तेथेच पिले घालतो. अकोले भागातील अभ्यासात त्याच्या आहाराचा फार मोठा भाग कुत्री, शेळ्या आदी पाळीव जनावरांचाच असल्याचे आढळले. सुश्रुताच्या भाषेत, गुहाशयास शेतकऱ्याने गुहा लावून दिली!

राजेलोकांस ही विद्या उत्तम अवगत होती. उमरग्याच्या पूर्वेस थोड्याच अंतरावर कल्याण, म्हणजे आजचे बसवकल्याण. तेथील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा ज्ञानकोश रचला. त्यातील मृगयेच्या प्रकरणात पाळीव हरणाचे आमिष दाखवून रानहरणास जवळ आणण्याची युक्ती आहे. मत्स्यविनोदाच्या प्रकरणात समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, आणि कोणत्या माशास कोणते खाद्य लावावे, याचा तपशील आहे. सोमेश्वराचा हेतू विनोदाचा, चरकाचा आरोग्याचा. पण दोघांचे ज्ञान एकाच प्रश्नातून निघालेले आहे. जनावर शोधावयाचे तर जनावराच्या मागे धावू नये. त्याच्या पाण्यावर व खाद्यावर जाऊन बसावे.

संशोधकाने हाच मार्ग धरावा, असे आमचे म्हणणे आहे.

आता रामलिंगच्या वाघाकडे परत येऊ. तरुण नर वाघ आईपासून वेगळा झाला की स्वतःचे क्षेत्र शोधीत निघतो. टिपेश्वरचे अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरांचे. तेथे आधीच्या वाघांनी जागा धरलेली. याच टिपेश्वरातील एक नर २०१९ साली गळ्यातील रेडिओपट्ट्यासह निघाला व तेराशे किलोमीटरांहून अधिक चालून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पट्ट्यामुळे त्याची वाट नकाशावर उमटली, तेव्हा वाघ केवळ वनातूनच हिंडतो ही समजूत खोटी ठरली. तो शेतांतून, ओढ्यानाल्यांच्या काठांनी, बहुधा रात्री चालत गेला.

एका वाघास वर्षाकाठी चितळाएवढी सुमारे पन्नास जनावरे लागतात, म्हणजे आठवड्यास एक. येडशीच्या २२ चौरस किलोमीटरांत एवढी शिकार त्यास बारमाही मिळेल, असे मानणे कठीण आहे. मग तो तेथे राहिला कसा? याचे उत्तर दोन आचार्यांच्या दोन प्रश्नांत आहे. येडशीची घळ त्याची गुहा. तेथे दिवसा सावली, पाणी व एकान्त. त्याचे अन्न मात्र घळीबाहेर, आसपासच्या शिवारांत व बार्शीच्या बाजूस. रानडुकरे आणि लोकांची गुरे. अभयारण्यात तो गुहाशय असतो, शिवारात प्रसह होतो. सरकारी नकाशावर अभयारण्याची रेषा आहे; वाघाच्या नकाशावर ती नाही. त्याच्या ‘चर’मध्ये दोन्ही प्रदेश येतात. त्यास पकडून सह्याद्रीकडे नेण्याचे २०२५ च्या आरंभी ठरले. पथके आली, सापळे लागले, आणि वाघ महिनोन्महिने हुलकावण्या देत राहिला. ज्यांची गुरे गेली त्यांचा संताप खोटा नव्हे. वाघाची निवडही, त्याच्या दृष्टीने, चुकीची नव्हे. तिसरी एक गरज आहे, ती वैद्यांच्या वर्गीकरणात येत नाही: या डोंगरात त्यास जोडीदारीण नाही. ती मिळाल्यावाचून त्याच्या येण्यास वसती म्हणता येणार नाही; मुक्कामच म्हणावे लागेल.

म्हणून ‘परतला’ की ‘आला’, या आमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर वाघाच्या उल्लेखांतून निघावयाचे नाही. ते निघेल तर या प्रश्नांतून: या डोंगरात पूर्वी बारमाही पाणी कोठे होते? माळावर गवत किती होते व त्यावर मृग किती पोसत? घळींत झाडी केव्हापर्यंत उभी होती, आणि ती कोणी, कशासाठी तोडली? ही माहिती काव्यांत व बखरींत नाही. ती आहे कुरणांच्या ताकिदींत, गुरचरणाच्या तंट्यांत, पागेच्या गवताच्या हिशेबांत, तळी व बारवा यांच्या दुरुस्तीच्या कागदांत, जळणफाट्याच्या हक्कांत. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मध्ये १८५३ ते १८६० पर्यंत नळदुर्ग जिल्हा इंग्रजांच्या ताब्यात राहिला व तेथील कारभार काही वर्षे मेडोज टेलर यांनी पाहिला. तेव्हा या विषयाचे कागद मोडीत आहेत, फारसीत आहेत, उर्दूत आहेत व इंग्रजीतही आहेत.

संग्राहकांचा आमचा अनुभव असा आहे की, सनद, वंशावळ, लढाईचे पत्र मिळाले की ते कापडात बांधून ठेवतात. गवताच्या पेंढ्यांची यादी मिळाली की ती रद्दीत जाते. आमच्या स्वतःच्या हातूनही पूर्वी असे घडले आहे, म्हणून हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. ज्या यादीत अमुक कुरणातून अमुक पेंढ्या निघाल्या असे लिहिले आहे, ती यादी वाघाचे नाव न घेता वाघाविषयी साक्ष देते. कारण गवत तेथे हरीण, आणि हरीण तेथे वाघ. ज्या तक्त्यात आजचा ‘पडीक’ माळ शंभर वर्षांपूर्वी ‘कुरण’ म्हणून लिहिला असेल, तो तक्ता माळढोकाच्या बाजूने दिलेला पुरावा ठरेल.

तेव्हा विनंती एवढीच की, आपल्या संग्रहातील वैद्यकाच्या पोथ्यांतील मांसवर्गाची पाने आणि दप्तरांतील कुरण-गुरचरणाचे कागद यांची निदान यादी तरी करावी, व त्यांत गाव, साल व जागेचे नाव नमूद करावे. एवढे झाले तर बालाघाटात वाघ परतला की नव्याने आला, याचा निवाडा पुढील अभ्यासकांस करता येईल. तोवर आम्ही ‘आला’ एवढेच म्हणतो.